वाचकांचे प्रश्न : मुलींची फी माफ, तरी महाविद्यालय पैसे कशाचे मागते?

प्रश्न : माझ्या मुलीला पुण्यातील एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून संगणक अभियांत्रिकीची जागा मिळाली आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गातील असून नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र काढलेले आहे. मुलींची फी माफ असल्याचे ऐकले होते, तरीही प्रवेशाच्या वेळी काही रक्कम मागितली जात आहे. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, की संस्थास्तरावरील जागा घेतल्यास याहून नामांकित महाविद्यालय मिळेल आणि माफी तिथेही लागू होईल. काय करावे?
– एक पालक, बार्शी

उत्तर : त्या गृहस्थांचे म्हणणे आधी बाजूला ठेवावे, कारण ते खरे नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्वी मिळणारी ५० टक्के शुल्कसवलत २०२४-२५ पासून १०० टक्के करण्यात आली. परंतु ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेल्या प्रवेशांनाच आहे. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागा तिच्यातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही तिच्या कक्षेत येत नाहीत. मुलगी तीच, गुण तेच आणि घरचे उत्पन्नही तेच. तरी केवळ प्रवेशाची वाट बदलली की चार वर्षांची माफी जाते. नामांकित महाविद्यालयाचा मोह समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत आधी कागदावर मांडून पाहावी.

आता मागितलेल्या रकमेविषयी. माफी शिक्षणशुल्काची आणि परीक्षाशुल्काची आहे, संपूर्ण फीची नव्हे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि त्यात शिक्षणशुल्काबरोबर विकासशुल्क हा वेगळा भाग असतो. हे विकासशुल्क पालकांनाच भरावे लागते. वसतिगृह, खाणावळ, अनामत रक्कम हेही माफीबाहेरच राहते. म्हणून खिडकीवर ‘एकूण इतके भरा’ असे सांगितले गेले, तर बाबवार तपशिलाची मागणी करावी आणि पावतीही तशीच घ्यावी. विकासशुल्क मागितले असेल, तर महाविद्यालयाचे चुकत नाही. मात्र ‘शिक्षणशुल्क आता भरा, शासनाकडून आले की परत देऊ’ असे सांगितले जात असेल, तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि दखल घेतली न गेल्यास तंत्रशिक्षण संचालनालयाच्या पुणे विभागीय कार्यालयाकडे तक्रार करावी. तोंडी वाद घालून काही हाती लागत नाही.

आपल्या पत्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा उल्लेख नाही, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र असले की उत्पन्नाचा प्रश्न सुटला, असा समज सर्रास आढळतो. प्रमाणपत्र आणि शुल्कमाफी या दोन्ही ठिकाणी उत्पन्नमर्यादेचा आकडा ८ लाखांचाच असल्याने हा घोटाळा होतो. क्रीमी लेअर ठरवताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या ८ लाखांत मोजत नाहीत. शुल्कमाफीसाठी मात्र कुटुंबाचे एकूण वार्षिक उत्पन्न पाहिले जाते आणि त्यासाठी तहसीलदारांचा स्वतंत्र दाखला लागतो. आई-वडील दोघेही शिक्षक असलेल्या घरात नॉन-क्रीमी लेअर मिळूनही माफी नाकारली जाते, ती यामुळेच. दाखला सेतू केंद्रातून आताच काढून ठेवावा. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जही मुलीला दरवर्षी भरावा लागेल. पहिल्या वर्षी मंजूर झालेली माफी दुसऱ्या वर्षी आपोआप पुढे चालत नाही.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील असून अनुसूचित जातीचा विद्यार्थी आहे. पुण्यात शासकीय वसतिगृहासाठी अर्ज केला होता, पण प्रवेश मिळाला नाही. स्वाधार योजनेच्या भरवशावर खोली घेऊ का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आपल्यासारख्या, म्हणजे वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आणि परगावी शिकणाऱ्या, अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा अधिक नसावे. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरलेले आहेत : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. निवासाची रक्कम बारा महिन्यांवर विभागली, तर महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये पडतात आणि तेवढ्यात पुण्यात एकट्याला खोली मिळणे कठीण आहे. शिवाय ही रक्कम अर्जाची छाननी झाल्यावर खात्यात येते, तर घरमालक अनामत पहिल्याच दिवशी मागतो. अर्ज अवश्य करावा, पण खोली तिघा-चौघांत मिळून घ्यावी आणि सुरुवातीच्या काही महिन्यांचे भाडे स्वतःच्या जुळवाजुळवीतून द्यावे लागेल, हे धरूनच चालावे.

प्रश्न : संकेतस्थळावर शिष्यवृत्ती वितरित झाल्याचे दिसते, पण माझ्या बँक खात्यात काहीच जमा नाही. बँकेत आधार दिलेले आहे.
– एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : बँकेत आधारची प्रत देणे आणि ते खाते थेट लाभ हस्तांतरणासाठी आधारशी जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वेळी एकच खाते असे जोडलेले असते आणि रक्कम त्यातच जाते, मग अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहिलेला असो. सिमकार्ड घेताना किंवा शाळेत असताना उघडलेले एखादे विस्मृतीत गेलेले खाते तिथे जोडलेले निघते, असे पुष्कळदा घडते. माय आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिल्यास बँकेचे नाव कळेल; प्रथम त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यावे.