आई, तू वाढलीच नाहीस!

"वाढदिवस जवळ आला की माझी झोप उडते. माझी लेक मात्र रोज कॅलेंडरवर फुल्या मारते. माझंच काही बिघडलंय का?" एक्केचाळिशीतल्या एका बाईंचा हा प्रश्न. चाळिशीनंतर तो मला अनेकजण विचारतात, म्हणून ओळखीचे तपशील बदलून आणि त्यांच्या संमतीने लिहिते आहे.

लेक सहा वर्षांची. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. गेल्या वर्षी तिने हट्टाने आईलाही तिथे उभं करून रेघ मारली होती. यंदा पुन्हा मोजलं, तर रेघेवर रेघ. "आई, तू वाढलीच नाहीस! मग तुझं वय कसं वाढलं?" लेक खरोखरच कोड्यात पडली होती. या वयाची मुलं उंची आणि वय यांची गल्लत करतात, उंच तो मोठा असं धरतात. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे फार पूर्वी दाखवून दिलंय. आईला मात्र तो प्रश्न जिव्हारी लागला.

मी दोघींसाठी एकच वाक्य दिलं: 'मोठी झाले की...' लेकीने अख्खं पान भरलं. दिव्याच्या बटणापर्यंत हात पोचेल, रस्ता एकटीने ओलांडेन, रात्री उशिरापर्यंत जागेन. आईच्या कागदावर तीनच ओळी, आणि तिन्हींत 'आता जमणार नाही'.

मी विचारलं, "गेल्या वर्षातलं काय आठवतं?" बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "काहीच नाही हो. वर्ष गेलं कुठे?"

मला वाटतं, त्यांचं दुखणं इथे होतं. आकड्याची भीती वरवरची होती. सहा वर्षांच्या मुलीसाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा, आईसाठी एक्केचाळिसावा. पॉल जाने या फ्रेंच विचारवंताने 1877 मध्ये हे गणित मांडलं. पण नुसत्या गणिताने सगळं उलगडत नाही. लेकीच्या वर्षात पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी भरपूर असतात, त्या मनात जागा धरून राहतात. एकसारखे दिवस आठवणीत एकमेकांत मिसळून जातात आणि मग वर्ष हातातून निसटल्यासारखं वाटतं.

म्हणून मी 'सकारात्मक राहा' असं सांगितलं नाही. त्याने कुणाचंच भलं होत नाही. वर्षात एक तरी गोष्ट अशी करा, जी आजवर केलेली नाही, एवढंच म्हटलं. त्यांनी पोहणं निवडलं. पाण्याची भीती लहानपणापासूनची.

एक मात्र आवर्जून सांगते. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक गेली, कशातच मन लागेनासं झालं, तर तो निव्वळ वाढदिवसाचा सल समजू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या बाईंची मी आधी तीच चौकशी केली होती.

पाच महिन्यांनी त्यांनी मोबाइलवर चौकटीचा फोटो दाखवला. लेकीची रेघ दोन बोटं वर सरकली होती. आईची जिथल्या तिथेच, पण तिच्या शेजारी लेकीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'आईने पाण्यात डोकं घातलं.'