हार्ट फेल्युअरमधील विसराळूपणा आणि उदासी: वयाचा दोष की हृदयाचा?

हार्ट फेल्युअरमुळे, म्हणजे हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद घटल्यामुळे, इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ३० टक्क्यांवर आलेले आपले वडील गोळ्या घेतल्या की नाही हे विसरतात, हिशेबात चुकतात आणि दिवसभर गप्प बसून राहतात, हे वयामुळे होते आहे का, असे आपण विचारले आहे. आईच्या याच आजारात मी अनेक वर्षे तिची शुश्रूषा केली असल्याने आग्रहाने सांगतो, की असे बदल वयाच्या माथी मारण्याआधी हृदयाकडे पाहायला हवे.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. हृदय दुर्बळ झाल्यावरही शरीर हा पुरवठा टिकवण्याची धडपड करते, परंतु आजार बळावला की तो घटतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मेंदूचा रक्तपुरवठा ३१ टक्क्यांनी कमी आढळला आणि हृदय प्रत्यारोपणानंतर तो पूर्ववत झाला. म्हणजे यातला काही भाग तरी भरून येणारा असतो, हे मला फार मोलाचे वाटते. एकाग्रता, विचारांचा वेग आणि कामाची आखणी यांवर विशेष परिणाम होतो. जुन्या गोष्टी मात्र नीट आठवत असल्याने घरच्यांना हा हट्टीपणा किंवा निष्काळजीपणा वाटतो, आणि रुग्णावर विनाकारण रागावले जाते.

रक्तक्षय, झोपेत श्वास अडखळणे, ठोके अनियमित असल्यास मेंदूत जाणाऱ्या बारीक गुठळ्या, लघवीच्या गोळ्यांमुळे उतरलेले सोडियम, हीही कारणे असू शकतात. काही तासांत किंवा एकदोन दिवसांत अचानक बरळणे वा भ्रम सुरू झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उदासीबद्दल म्हणाल, तर हार्ट फेल्युअरच्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाला नैराश्य असते. थकवा, भूक मंदावणे, झोप न लागणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असल्यामुळे ते सहज नजरेतून सुटते. सर्ट्रालीन आणि एसिटालोप्राम या नैराश्यावरील गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत या रुग्णांना निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही, तर समुपदेशनाने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेल्या व्यायामाने काहींना फरक पडला. तरीही चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.

पुढच्या भेटीत सोडियम, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड यांच्या तपासण्यांबरोबर स्मरणशक्तीची आणि नैराश्याची चाचणीही आवर्जून मागावी. तोवर गोळ्या आठवड्याच्या डबीत भराव्यात आणि रोजच्या वजनाची नोंद घरातल्या एकाच व्यक्तीने ठेवावी.