मागाचा खडखडाट आणि पंधरा हजारांचा माइक

बेळगावातल्या वडगावहून एका वडिलांचं पत्र आलंय. घरात चार यंत्रमाग. मुलगी यंदा बी.ए. झाली, मराठी-कन्नड दोन्ही सफाईनं बोलते, वक्तृत्वात बक्षिसं मिळवलीत. पुण्याच्या एका ई-लर्निंग कंपनीनं तिला स्टोरीलाइन या ऑनलाइन धडे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा स्लाइडचा नमुना करायला दिला आणि ‘आवाज चित्राशी जुळत नाही, मागे खडखडाट आहे’ असं सांगून परत पाठवला. ‘‘पोरगी दोन दिवस जेवली नाही. पंधरा हजारांचा माइक घ्यावा, का हे सोडून बी.एड.ला घालावी? आता कॉम्प्युटरच बोलायलाय म्हणतात,’’ असं ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

माइक घेऊ नका. तुमच्या घरात चांगला माइक मागाचा आवाज आणखी स्वच्छ टिपेल, एवढंच होईल. ऑडासिटी हे फुकट सॉफ्टवेअर पंख्याची एकसुरी घरघर बऱ्यापैकी काढतं, कारण ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असते. धोट्याची ठकठक तशी नसते. ती पुसायला गेलं की बोलणाऱ्याचा आवाजही डब्यातून आल्यासारखा होतो. त्यामुळे माग बंद असतानाच रेकॉर्डिंग करायचं. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर घेऊन बसायचं, कधी नव्हे ते वीजमंडळाचे आभार मानायचे. आणि साड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बोलू दे. कापड आवाज शोषतं, खोली घुमत नाही. स्टुडिओवाले भिंतींना जे लावतात तेच काम तुमच्या साड्या फुकटात करतील.

खरी चूक मात्र दुसरीच वाटते. पत्रासोबतच्या फाइलवरून दिसतं की तिनं दहाही स्लाइडचं निवेदन एका दमात रेकॉर्ड करून मग त्याचे तुकडे केलेत. वक्तृत्वाची सवय, दुसरं काय! या कामात प्रत्येक स्लाइडची फाइल वेगळी करतात. एक वाक्य बदललं तर एकच फाइल पुन्हा करावी लागते. संहिता आधी स्लाइडच्या नोट्समध्ये लिहायची, रेकॉर्डिंग वेव (WAV) फाइलमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता, ठेवायचं. मग स्टोरीलाइनच्या टाइमलाइनवर, म्हणजे कधी काय दिसेल-ऐकू येईल त्या पट्टीवर, आवाज वाजवत, जिथं नवं चित्र यायला हवं तिथं कीबोर्डवरचं ‘सी’ हे बटन दाबायचं. तिथं खूण पडते, तिला क्यू पॉइंट म्हणतात. चित्रं त्या खुणांना बांधायची, अंदाजानं ओढत बसायचं नाही. शिवाय तिच्या चौथ्या स्लाइडवर बटन दाबल्यावर दोन आवाज एकदम बोलतात. स्लाइडवर उघडणारा वरचा थर, म्हणजे लेयर, उघडला की खालची टाइमलाइन थांबवायची सेटिंग लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये असते, ती राहून गेली आहे. पहिल्या स्लाइडवर ‘सुरू करा’ हे बटनही हवं. क्रोम 2018 पासून, पाहणाऱ्यानं काही दाबल्याशिवाय सहसा आवाज वाजू देत नाही. स्क्रीनवरचा मजकूर जसाच्या तसा वाचू नये, हे बहुतेक सगळेच चुकतात, ती एकटीच नाही.

आता कॉम्प्युटर बोलतो त्याविषयी. बोलतो, आणि स्टोरीलाइनमध्येच ती सोय आहे. नुसत्या आवाजावर पोट भरायचं असेल तर तुमची काळजी रास्त आहे. पण ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळा, हे कानाला कळणारं माणूस अजून लागतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकच धडा मराठीत आणि कन्नडमध्ये केला की वाक्यांची लांबी बदलते. मराठीसाठी लावलेल्या सगळ्या खुणा कन्नडमध्ये सरकतात. मराठीतला आवाज ‘झडप बंद करा’ म्हणताना झडप दिसत असते, कन्नडमध्ये तेव्हा भलतंच दिसतं. दोन्ही भाषा न येणाऱ्याला ते ऐकून कळतच नाही. तुमच्या मुलीला कळेल. सीमाभागात वाढल्याचा तोटा आपण खूप मोजतो, हा फायदा मात्र कुणी सांगत नाही. म्हणून तिनं ‘आवाज देणारी’ म्हणून अर्ज करू नये. ‘ई-लर्निंग डेव्हलपर, मराठी आणि कन्नड’ असं लिहावं.

बी.एड. वाईट नाही. शिकवायचं कसं हे कळलेला माणूस या क्षेत्रात पुढे संहिताच लिहू लागतो. पण प्रवेशाला वेळ असेल तर तोवर तिला नवा नमुना करू द्या. सहा स्लाइड पुरेत. विषय उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तापलेलं लोखंड ओतताना घ्यायची काळजी. एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये, दोन्हींना खाली अक्षरांत कॅप्शन. फाउंड्रीत जाणारं कुणीतरी तुमच्या गल्लीतच असेल, त्याला दाखवून विचारा कुठं अडलं.

स्टोरीलाइन विंडोजवरच चालतं आणि 30 दिवस फुकट वापरता येतं. म्हणून दोन्ही भाषांतली संहिता कागदावर पक्की होऊन रेकॉर्डिंग हातात आल्यावरच तिनं ते उतरवून घ्यावं. नाहीतर निम्मे दिवस लिहिण्यातच जातील आणि निम्मे लाइट जायची वाट बघण्यात.