डाइकचा व्हॉल्व्ह आणि पावसाचे पाणी

प्रश्न : महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे. बॉयलरसाठी लागणारे फर्नेस ऑइल २०,००० लिटरच्या टाकीत साठवतो आणि टाकीभोवती डाइकची, म्हणजे सांडलेले तेल अडवणारी, भिंत आहे. पावसाळ्यात आत पाणी तुंबते, म्हणून कामगार निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. यात धोका आहे का? तेल सांडलेच तर प्रथम काय करावे?

उत्तर : धोका आहे, आणि तो मोठा आहे. टाकी गळू लागली किंवा नळीचा जोड निखळला, तर उघड्या व्हॉल्व्हमधून तेल पावसाळी गटारात आणि तेथून सावित्री नदीकडे जाईल. मग भिंत असून नसल्यासारखीच. कामगारांची अडचण मात्र खरी आहे. डाइकची आतील जागा १० मीटर लांब व ८ मीटर रुंद धरली, तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यात सुमारे ८,००० लिटर पाणी साचते, आणि असा पाऊस कोकणाला नवा नाही. सर्वांत मोठ्या टाकीतील सगळे तेल डाइकमध्ये मावले पाहिजे, हा नियम डाइक रिकामी आहे असे धरूनच केलेला असतो. त्यामुळे पाणी काढावेच लागते. फक्त ते कोणीतरी समोर उभे राहून काढले पाहिजे.

व्हॉल्व्ह डाइकच्या बाहेरच्या बाजूस असावा, एरवी कुलूपबंद असावा आणि किल्ली पाळीच्या पर्यवेक्षकाकडे असावी. पाणी सोडण्यापूर्वी त्यावर तवंग आहे का ते पाहावे. फर्नेस ऑइल सहसा पाण्यावर तरंगत असल्याने तळाचे पाणी आधी बाहेर पडते. तेलाचा थर खाली येण्याआधीच व्हॉल्व्ह बंद करावा. हे पाणीही थेट गटारात न सोडता ऑइल ट्रॅपमधून, म्हणजे पाण्यातले तेल अडवणाऱ्या टाकीतून, न्यावे. टाकीवर पत्र्याचे छप्पर घालता आले तर निम्मी कटकट मिटते, आणि माझ्या मते तो खर्च आधी करावा. पावसाच्या पाण्याबरोबर तेल कुठवर जाते याचे उदाहरण पाहा : डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात चेन्नईजवळच्या मणली औद्योगिक पट्ट्यातील तेल पुराच्या पाण्याबरोबर बकिंगहॅम कालव्यातून एन्नोर खाडीत पोहोचले आणि मच्छीमारांच्या होड्या व जाळी त्याने माखली.

टँकर रिकामा होत असतानाही विशेष लक्ष हवे. टाकीत किती जागा आहे हे आधी मोजावे. केवळ लेव्हल गेजवर, म्हणजे टाकीतील पातळी दाखवणाऱ्या मापकावर, विसंबू नये. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ रोजी गेज अडकले, टाकी भरत आली की पुरवठा थांबवणारा वरच्या पातळीचा स्विचही चालला नाही आणि टाकी भरून वाहिलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला. तेथील डाइकच्या भिंतीही सांध्यांतून आणि पाइप आरपार जातात त्या जागी गळल्या. आपल्या भिंतीतील अशा जागा पावसाळ्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

तेल सांडल्यास पंप थांबवावा, आसपासचे वेल्डिंग वा उघडी ज्योत बंद करावी आणि गळती सुरक्षितपणे अडवता येत असेल तर अडवावी. त्याच वेळी दुसऱ्याने वाळूच्या पोत्यांनी गटाराचे तोंड बंद करावे. ही पोती भांडारात नव्हे, गटाराजवळच ठेवलेली असावीत. पाण्याचा फवारा मारून जागा धुण्याचा मोह टाळावा. साबणाने तर तेलाचे बारीक थेंब होतात आणि ते ट्रॅपमध्ये न अडकता निसटतात. उरलेले तेल वाळूने किंवा शोषक पॅडने टिपावे. तेल गटारात गेलेच, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला व एमआयडीसीला ताबडतोब कळवावे. तेलाने भिजलेली वाळू हा घातक कचरा असल्याने ती झाकणाच्या पिंपात, छपराखाली ठेवून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच पाठवावी.