अपग्रेडनंतर आयपर्फ का अडतो?

प्रश्न : क्लाउडवर आमची दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीन आहेत. एकावर आयपर्फ ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) टाकल्यापासून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. पिंग चालतो. इथे पावसात इंटरनेटची लाइन सारखी जाते, त्याचा संबंध असेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. चाचणी त्या दोन मशीनमध्येच होते, तुमच्या घरच्या लाइनवरून नाही. पिंगवरही विसंबू नका, तो फक्त मशीन उत्तर देतं का ते पाहतो, पोर्ट (प्रोग्रॅम ज्या क्रमांकावर जोडणी घेतो तो) तपासतच नाही. दुसऱ्या मशीनवर बहुधा अजून आयपर्फ २ आहे. तो ५००१ वर ऐकतो आणि आयपर्फ ३ जातो ५२०१ वर. नुसता पोर्ट जुळवून भागणार नाही, कारण दोघांचा प्रोटोकॉलच, म्हणजे आपसात बोलायची पद्धतच, वेगळा आहे. दोन्हीकडे ३ टाका.

'रिफ्यूज्ड' म्हणजे बहुतेक वेळा पॅकेट पोचलं, पण ऐकणारं कुणी नव्हतं. 'टाइम्ड आउट' आलं तर मात्र फायरवॉलने ते गिळलं असं समजा. मग क्लाउडच्या नियमांत ५२०१ टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही उघडा, तेही फक्त समोरच्या मशीनच्या खासगी आयपीसाठी. सगळ्या जगाला नको. यूडीपी चाचणीलाही आधी टीसीपी जोडणी लागते, हे हमखास विसरलं जातं. वेग दिला नाही तर यूडीपी सेकंदाला १ मेगाबिटच पाठवतो; त्या आकड्यावरून नेटवर्कला दोष देऊ नका.