टायरचं नंतर बघू, आधी नकारपत्राची तारीख सांगा

कराडहून एका वाचकांनी सहा प्रश्न पाठवलेत, त्यातले पाच टायरबद्दल. हकिगत थोडक्यात अशी. अव्हेंजर मोटारसायकलचं मागचं टायर संपलं, तेव्हा मित्राच्या गॅरेजमध्ये तिथे चक्क कारचं टायर चढवलं, 'थोडं ग्राइंडिंग करून'. आठ महिने गाडी झकास चालली. ११ मार्च २०२५ ला हे सिग्नलला उभे असताना मागून टेंपोने ठोकलं. गाडीचा मागचा भाग चेपला, दुरुस्तीचा अंदाज ४६ हजार. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला, आणि २४ एप्रिलच्या पत्राने दावा नामंजूर झाला : वाहनात अनधिकृत बदल, वाहन सुस्थितीत न ठेवल्याने अटीचा भंग. तेव्हापासून हे कंपनीला मेल पाठवताहेत. पत्राच्या शेवटी, जाता जाता, मनगट मोडून प्लेट बसल्याचं एका ओळीत लिहिलंय.

वकील म्हणून अशी पत्रं मला महिन्याला दोन-तीन तरी येतात. कुणाच्या बुलेटचा सायलेन्सर, कुणाचे रुंद अलॉय, कुणाचा हँडलबार. म्हणून हे उत्तर जाहीरपणे देतोय.

सोबत तुम्ही अमेरिकेतल्या वादाचे उतारे जोडलेत. तो वाद मला ठाऊक आहे. होंडा गोल्डविंगसारख्या अवजड गाड्यांवर लांबचे पल्ले मारणारे तिथे मागे कारचं टायर घालतात, स्वतःला 'डार्कसायडर' म्हणवतात आणि टायर कितीतरी जास्त चालतं म्हणून सांगतात. विरोधकांचं म्हणणं, मोटारसायकल वळताना कलते, तिच्या टायरची गोलाई त्यासाठीच असते. कारचं सपाट टायर कललं की कडेवर उभं राहतं, शिवाय त्याची कड दुचाकीच्या रिममध्ये बसण्यासाठी घडवलेली नसते. दोन्हीकडून पानंच्या पानं लिहिली गेलीत. मला विचाराल तर विरोधकांचं पटतं. पण त्या पानांनी तुमचे ४६ हजार सुटणार नाहीत.

तुमचं प्रकरण २४ एप्रिल या तारखेवर उभं आहे.

तुम्ही पॉलिसीचं पहिलं पान पाठवलंत, ज्यावर नाव, इंजिन नंबर आणि हप्त्याची रक्कम असते. मला हव्या होत्या शेवटच्या अटी. दुचाकीच्या पॅकेज पॉलिसीच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या पॉलिसीच्या, प्रचलित नमुन्यात एक अट असते, तिचा मतलब असा : कंपनीने जबाबदारी नाकारली आणि तेव्हापासून बारा कॅलेंडर महिन्यांत त्याविरुद्ध न्यायालयात दावा लावला नाही, तर विमेदाराने मागणी सोडून दिली असं धरलं जाईल. तुमची पॉलिसी याच नमुन्याची दिसते. मूळ पीडीएफ काढा आणि ही अट शोधा. आज फेब्रुवारी संपत आलाय. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने.

आता कुणी म्हणेल, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ मध्ये तर दोन वर्षं दिलीत. दिलीत, बरोबर. शिवाय करार कायद्याचं कलम २८ जानेवारी १९९७ पासून दुरुस्त झालंय आणि ठरावीक मुदतीनंतर हक्कच संपवणारी करारातली अट त्याने रद्दबातल ठरते, हाही युक्तिवाद आहे. तो मी स्वतः करीन. पण दुरुस्तीआधीच्या कायद्यावर अशा अटी उचलून धरणारे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आहेत, आणि कंपनीचे वकील ते फायलीत लावूनच येतात. मग दोन-तीन तारखा त्या एकाच मुद्द्यावर जातात. तेराव्या महिन्यात जाऊन हे सगळं ओढवून घेण्यापेक्षा बाराव्यात गेलं तर तो मुद्दा जन्मालाच येत नाही.

तुम्ही चौदा मेल पाठवलेत. मी मोजले. दर वेळी उत्तर आलं, 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.' हे वाचून तुम्हाला वाटलं, विषय जिवंत आहे, मुदत थांबलीय. पत्रव्यवहाराने मुदत थांबत नाही. हा कायदा इतका जुना आणि इतका पक्का आहे, की अजूनही लोक यातच कसे अडकतात याचं मला नवल वाटतं. चौथ्या मेलनंतर एखाद्या वकिलाला हजार रुपये देऊन विचारलं असतंत, तर ही घाई झाली नसती.

त्याच नकारपत्राचा दुसरा उपयोग तुमच्या बाजूचा आहे. त्यात कारणं दोनच आहेत, बदल आणि सुस्थिती. अपघात टायरमुळे झाला असं एकाही ओळीत म्हटलेलं नाही. पत्रात जे कारण दिलं त्यापलीकडचं नवं कारण कंपनीला पुढे ग्राहक आयोगासमोर काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) या प्रकरणांत म्हटलंय. म्हणून ते पत्र पाकिटासकट जपा.

टायरबद्दल मी हात राखूनच बोलेन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. आणि 'बदल' म्हणजे वाहनाचं मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला बदल. तुमची आरसी काढून बघा. दुचाकीच्या आरसीवर टायरचा आकार सहसा छापलेला नसतो, तो तपशील मालवाहू आणि प्रवासी वाहनांसाठी घेतला जातो. मग जे आरसीत नाहीच, त्याच्याशी विसंगत काय झालं? हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. उलट बाजूने, जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आयोग कुठल्या बाजूला झुकेल, हे मी लिहून देणार नाही.

खरी भीती मला त्या तुमच्या दोन शब्दांची आहे, 'थोडं ग्राइंडिंग'. कशाचं? टायर घासू नये म्हणून चेनकव्हर कापलं असेल तर एक गोष्ट. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, घासला किंवा वेल्डिंग करून रुंद केला असेल तर तो सरळ रचनेतला बदल, आणि वरचा आरसीचा मुद्दा लंगडा पडतो. मित्राला विचारा आणि मला खरं सांगा.

मागच्या वर्षी एक अशील बुलेट घेऊन ऑफिसात आले. म्हणाले, 'साहेब, टायर कुठलं ते कंपनीला कळणारच कसं?' मी खाली पार्किंगमध्ये गेलो, उकिडवा बसलो आणि ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली. आयएसआयच्या खुणेपाशी ठसठशीत आकडा होता, १५६३३. हे प्रवासी कारच्या टायरचं भारतीय मानक. दुचाकी-तीनचाकीचं १५६२७. सर्व्हेअरला पाना लागत नाही, मोबाइल पुरतो. तुमच्याही फाइलमध्ये हा फोटो असणार, तेव्हा 'टायर दुचाकीचंच होतं' या वाटेने जाऊच नका.

त्याच वाटेवरचा तुमचा पाचवा प्रश्न : गॅरेजवाल्याने न सांगता बसवलं, असं शपथपत्रात लिहिलं तर चालेल का? नाही. मित्राचं गॅरेज, बिल नाही, आणि सर्व्हेअरला तुम्ही स्वतः सांगितलंय की टायर मुद्दाम लावलं. निवेदन खरं असणं ही पॉलिसीचीच पूर्वअट असते. एक खोटं वाक्य पकडलं गेलं तर टायरचा वाद बाजूला राहील आणि तुम्हीच वाद व्हाल.

मग बोलायचं काय? सिग्नल. उभ्या गाडीला मागून धडक बसली. टायर गोल असतं, सपाट असतं, लाकडाचं असतं, तरी टेंपो थांबला नसता. अटीचा भंग आणि नुकसान यांचा संबंध नाही, हा तुमचा कणा. त्यासाठी फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा आणि टेंपोचालकावरचं दोषारोपपत्र लागेल. हेच तुम्ही खंबाटकीच्या वळणावर घसरून पडला असतात, तर मी हे उत्तर असं लिहिलंच नसतं.

टायर मात्र तुम्ही काढून भंगारात दिलंत, 'कटकट नको म्हणून'. कंपनी म्हणते वाहन सुस्थितीत नव्हतं, आणि सुस्थितीचा पुरावा तुम्ही किलोच्या भावाने विकला! नक्षी किती खोल होती, बाजूला चीर होती का, हे त्या टायरनेच सांगितलं असतं. आता सर्व्हेअरच्या फोटोंवर भिस्त. अहवाल आणि सगळे फोटो मागणारा अर्ज आजच स्पीड पोस्टाने कंपनीला पाठवा, मेलने नव्हे.

तक्रारीत पर्यायी मागणी जरूर घाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात, खासगी पॉलिसीची गाडी भाड्याने दिली होती तरी, दावा पूर्ण नाकारू दिला नाही, आणि ज्या निकषांचा आधार घेतला त्यांत अशा भंगाला मंजूर होऊ शकणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची सोय होती. तिथे भंग वापराचा होता, इथे टायरचा. निवाडा जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण '४६ नाही तर निदान ७५ टक्के' हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात नसेल तर आयोग आपणहून देईलच असं नाही.

जायचं कुठे? विमा लोकपालाचं पुण्यातलं कार्यालय हा स्वस्त रस्ता आहे, वकील लागत नाही. पण तिथेही वर्षाची मुदत आहे, आणि ती तुमच्या चौदा मेलांपैकी कुठल्या मेलपासून मोजायची यावरच वाद होईल. एकच विषय दोन्हीकडे चालवताही येत नाही. म्हणून माझं मत सरळ साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तुमच्या हप्त्याच्या रकमेला फी शून्य, आणि ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

निकाल कधी, हे विचारू नका. कायदा म्हणतो तीन महिने. माझ्या कपाटात एका साध्या स्कूटरच्या विम्याची फाइल आहे, तिला या दिवाळीत सहावं वर्ष लागेल. सदस्य नाही म्हणून तारीख, कोरम नाही म्हणून तारीख, कंपनीचा वकील बदलला म्हणून तारीख. एक गोष्ट मात्र लक्ष ठेवून करून घ्या. कंपनीला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगाला एक दिवसही वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हिली मल्टीपर्पज प्रकरणात ठरवलंय. सेहेचाळिसाव्या दिवशी अर्ज द्या. कुणी आपणहून दिवस मोजत बसत नाही.

आता ते मनगट. सहा प्रश्नांत त्याला एकही प्रश्न नाही, आणि पैशांच्या हिशेबाने तेच सर्वांत मोठं आहे. टेंपोच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ (३) ने तिथे अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आणलीय. तुमची सप्टेंबरमध्येच संपली. सुदैवाने या पोटकलमालाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, आणि निकाल लागेपर्यंत उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालाय. अंतरिम आहे, उद्या उठू शकतो. म्हणून हा अर्ज मार्चमध्येच दाखल करा, टायरच्या तक्रारीच्याही आधी.

त्याआधी पोलीस ठाण्यात एक चौकशी करा. नियमाप्रमाणे पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. तो गेला असेल तर कलम १६६ (४) खाली तोच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो, आणि मुदतीची धास्ती बरीच कमी होते. गेला नसेल तर तसं लेखी मागा. टेंपोची विमा कंपनीही तुमचं टायर पुढे करणार, तुमचा निष्काळजीपणा दाखवायला. तिथेही उत्तर तेच, गाडी उभी होती.

येताना पूर्ण पॉलिसी, नकारपत्र, फिर्याद, पंचनामा, हॉस्पिटलची बिलं, प्लेटचा एक्स-रे आणि सुटीच्या काळातल्या पगाराच्या स्लिपा आणा. चौदा मेल छापून आणायची गरज नाही. आणि गॅरेजवाल्या मित्राला बरोबर आणा, ग्राइंडिंग कशाचं केलं ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय.