‘बंधुप्रेम’ फक्त भावाभावांचं का?

प्रश्न असा आला आहे: ‘ख्रिस्ती पुस्तकांत “बंधूप्रेम” सारखं भेटतं. ते भावाभावांपुरतं आहे का? आणि लगेच पुढे “प्रीती” येते, ती वेगळी का?’

बायबलच्या नव्या करारातला ‘बंधुप्रेम’साठीचा मूळ ग्रीक शब्द आहे ‘फिलादेल्फिया’. त्यातला ‘अदेल्फोस’ म्हणजे एकाच उदरातला, आपला अगदी नेमका ‘सहोदर’. एरवी ग्रीकांत हा शब्द सख्ख्या भावंडांच्या मायेसाठीच वापरत. पर्गाम या प्राचीन राज्याचा राजा दुसरा अत्तालस भावाशी एकनिष्ठ राहिला म्हणून ‘फिलादेल्फस’ म्हणवला गेला. तुर्कस्तानातल्या आजच्या अलाशेहिरचं जुनं नाव फिलादेल्फिया, तेही त्याच्यावरूनच.

ख्रिस्ती मंडळींनी हा घरातला शब्द उचलला आणि नात्यागोत्याबाहेर नेला. नव्या करारातल्या एका पत्रात प्रेषित पौल फिलेमोनाला लिहितो, की तुझा दास ओनेसिम परत येतोय, त्याला दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घरात घे. मालकाने गुलामाला ‘सहोदर’ म्हणायचं! ऐकणाऱ्याला ते किती खटकलं असेल, हे मराठीतून नीटसं कळत नाही. कारण आपला ‘बंधू’ मुळातच ऐसपैस. संस्कृतात तो सोयरा, आप्त, मित्र कुणीही असतो, आणि सभेत तर समोरचे सगळेच ‘बंधुभगिनी’. त्यामुळे अर्थ चपखल बसला, धक्का मात्र गेला. तरी ‘सहोदरप्रेम’ केलं नाही ते बरंच. तो शब्द तोंडात बसला नसता.

‘प्रीती’ वेगळी आहे, आणि ती जाणूनबुजून वेगळी ठेवलेली आहे. नव्या करारात प्रेमासाठी ‘अगापे’ हा दुसरा ग्रीक शब्द आहे, आणि मराठी बायबलात त्याला बहुधा प्रीती म्हणतात. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात बंधुप्रेमात प्रीतीची भर घाला असं सांगितलंय, म्हणजे आपल्या माणसांपुरती माया पुरेशी नाही, पुढे जा. नाटक-सिनेमांनी प्रीतीला प्रियकर-प्रेयसीच्या ताब्यात दिलं, म्हणून आज ती कानाला अवघडते. चर्चच्या फलकावर ‘उपासनेनंतर प्रीतिभोजन’ वाचून माझ्या एका मित्राने ‘लग्न कोणाचं?’ असं विचारलं होतं. लग्न कुणाचंच नव्हतं, मंडळी नुसती एकत्र जेवणार होती.

पेत्राच्याच पहिल्या पत्रात या बंधुप्रेमाला ‘निर्दंभ’ हे विशेषण आहे. त्यामागचा ग्रीक शब्द ज्या कुळातला आहे, त्यातला ‘हिपोक्रितेस’ म्हणजे रंगमंचावरचा नट. सोंग नसलेलं बंधुप्रेम, असं मी साध्या मराठीत म्हणेन. ‘खरी मैत्री’ असं म्हणण्यापेक्षा ते मला मूळ अर्थाच्या जवळचं वाटतं.

राहता राहिलं लेखन. सुटा शब्द ‘बंधू’ दीर्घ, पण समासात ‘बंधुप्रेम’ ऱ्हस्व. ‘प्रीती’चंही तसंच, ‘प्रीतिभोजन’. प्रश्नातला ‘धू’ तेवढा दुरुस्त करून घ्या.